ब्लोअर रात्रभर फुल स्पीडला? आधी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजणारा प्रोब वर काढा

आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असूनही टाकीत हवा सोडणारा एअरेशन ब्लोअर रात्रंदिवस ५० हर्ट्झवर, म्हणजे फुल स्पीडला. रात्री सांडपाण्याची आवक निम्म्यावर येते, तरी पॅनलवर डीओ ०.६ मिग्रॅ/लिटरच्या वर सरकेना. ड्राइव्हची सेटिंग्ज तपासली, एअर फिल्टर बदलला; डिफ्यूझर (टाकीत बुडबुडे सोडणारे) बुजले म्हणावेत तर प्रेशर नेहमीचंच. दोन महिने डोकं पिकलं.

शेवटी हातातल्या मीटरने टाकीत मोजलं: ४.८! प्रोब वर ओढला तर टोकावर बुळबुळीत थर. त्यातले जंतूच ऑक्सिजन खात होते, म्हणून प्रोब कमी दाखवायचा आणि ड्राइव्ह ब्लोअर पळवत राहायचा.

आधी ब्लोअर मॅन्युअलवर घ्या. प्रोब हवेत आला की आकडा चढतो आणि ऑटोवर ब्लोअरचा वेग पडतो. मग प्रोब साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसा. ब्रश नको, टोकावरची मेम्ब्रेन (पातळ पडदा) फाटते. ओलसर हवेत धरून १०० टक्के सॅच्युरेशनला कॅलिब्रेट करा. बुडबुड्यांच्या थेट झोतापासून बाजूला बसवा. सेटपॉइंट (राखायचा डीओ) २ मिग्रॅ/लिटर, किमान वेग ३० हर्ट्झ (आमच्या टाकीत त्याखाली गाळ बसतो), मग ऑटो.

त्याच रात्री ३४ हर्ट्झ. आमचा रूट्स ब्लोअर (दर फेरीला ठरावीक हवा ढकलणारा), म्हणून वीज साधारण वेगाच्याच प्रमाणात उतरली. सेंट्रिफ्युगल (पंख्यासारख्या चक्राच्या) ब्लोअरला फरक याहून मोठा पडतो. प्रोब आता दर सोमवारी पुसतो.