जुन्या फॅमिली फोटोतली गाडी ओळखताय? या चुका टाळा

प्रत्येक घरच्या अल्बममधे एक तरी फोटो असतोच, गाडीला टेकून कुणीतरी उभं असतं आणि घरातलं मोठं माणूस ठामपणे सांगतं, ही फोर्ड, १९३० ची. मग कुणीतरी तेच फोटोमागे पेनाने लिहून टाकतं आणि पुढच्यांना तेच खरं वाटायला लागतं. बरीच वर्षं मी घरचे आणि नातेवाइकांचे असे फोटो घेऊन बसतोय, आणि सगळ्यात जास्त घोळ एकाच गोष्टीने होतो, तो म्हणजे गाडीचं साल तेच फोटोचं साल असं धरून चालणं.

गाडी फक्त एवढंच सांगते की फोटो याच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो, गाड्या काय पंधरा-वीस वर्षं सहज चालायच्या. पण ही एक बाजू पक्की कळली तरी खूप काही सुटतं. आमच्याकडे एक फोटो आहे, फोक्सवॅगन बीटलच्या मागे बंपर धरून दोनेक वर्षांची मुलगी उभी आहे, आणि सगळे म्हणायचे की ही मोठी आत्या, १९५० चा फोटो. मी भिंग घेऊन मागची काच बघितली तर ती अंडाकृती, मधे दांडी नाही. बीटलची मागची काच मार्च १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची होती, त्यानंतर अंडाकृती आली आणि १९५७ मधे मोठी चौकोनी झाली. म्हणजे फोटो १९५३ च्या आधीचा असूच शकत नाही, आणि तेव्हा मोठी आत्या पाच वर्षांची होती, मग ती मुलगी धाकटी आत्या! तिला फोन करून सांगितलं तर बराच वेळ ती काही बोललीच नाही, कारण तिच्या लहानपणीचा एकही फोटो नाही असंच ती आयुष्यभर समजत होती.

अमेरिकन गाड्यांमधे अजून एक गोम आहे, पुढच्या सालचं मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात यायचं, त्यामुळे १९५० चं मॉडेल १९४९ च्या फोटोत दिसलं तर दचकू नका. आणि फेब्रुवारी १९४२ मधे युद्धामुळे तिथे साध्या गाड्या बनवणं बंद झालं, पुन्हा सुरू झालं तेव्हा बहुतेक कंपन्यांनी १९४२ चीच गाडी समोरची जाळी वगैरे बदलून १९४८ पर्यंत विकली, म्हणून त्या काळातली गाडी बघून घाईने साल ठरवू नका. काही प्रिंटच्या कडेला महिना आणि साल छापलेलं असतं, ती तारीख लॅबमधे प्रिंट निघाल्याची, रोल कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेला असू शकतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे व्हीलकॅप किंवा बॉनेटवरची मूर्ती बघून नाव ठरवणं. या वस्तू लोक हौसेने बदलायचे. जे सहज बदलता येत नाही ते बघा, समोरची काच एक की दोन तुकड्यांची, दरवाज्यांची बिजागरी कुठल्या बाजूला, फूटबोर्ड आहे की नाही, हेडलाइट वेगळे दांडीवर उभे आहेत की मडगार्डमधे बसवलेत (हे बसवणं साधारण १९३० च्या दशकाच्या शेवटी सर्रास झालं). फोर्ड मॉडेल टी वाटत असेल तर रेडिएटरच्या खाली बघा, पुढच्या चाकांच्या मधे आडवा एकच कमानपाटा (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असतो. तो दिसला आणि रेडिएटर चकचकीत पितळी असेल तर १९१६ किंवा त्याआधीची, काळा असेल तर बहुतेक १९१७ किंवा त्यानंतरची. ब्यूक असेल तर पुढच्या मडगार्डवरची भोकं मोजा, ती १९४९ पासून आली आणि त्या वर्षी रोडमास्टर मॉडेलला चार तर सुपर मॉडेलला तीन होती. जुन्या रोल्स-रॉइससारख्या गाड्यांचा सांगाडा कंपनीचा आणि बॉडी दुसऱ्याच कारागिराची असायची, तिथे मागचा आकार बघून काहीच ठरत नाही, रेडिएटरच बघायचा.

स्टिअरिंग उजवीकडे म्हणून लगेच देश ठरवू नका. आधी फोटो उलटा तर छापला नाही ना ते तपासा, निगेटिव्ह पालथी पडली की सगळंच उलटं येतं. नंबरप्लेट वाचता आली तर प्रश्नच नाही, नाहीतर पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा बघा, तो त्याच्या डाव्या छातीवर हवा. आणि इटलीच्या लान्चियासारख्या कंपन्या उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशात असूनही कित्येक वर्षं स्टिअरिंग उजवीकडेच देत होत्या.

रंगाचा अंदाज तर करूच नका! जुन्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे लालभडक गाडी फोटोत काळी येते आणि निळी फिकट.

आता सगळ्यात कळकळीने सांगतो, फोटो एआयने शार्प करून मग गाडी ओळखायला जाऊ नका. ते सॉफ्टवेअर नसलेल्या जाळीच्या पट्ट्या आणि नसलेली अक्षरं स्वतःच्या मनाने भरतं आणि आपण त्यालाच पुरावा समजून बसतो. त्यापेक्षा फोटो १२०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक हवा ते ठरवणारा आकडा) स्कॅन करा, मागची बाजू पण करा, आणि गाड्यांच्या जाणकारांना दाखवताना फक्त गाडी कापून पाठवू नका. शेजारी उभ्या माणसामुळे चाकाची उंची कळते, कपड्यांवरून काळ कळतो, आणि मागे रस्त्यावर अर्धीच दिसणारी दुसरी गाडी कधीकधी समोरच्या गाडीपेक्षा नवी असते, मग फोटोचं साल तिच्यावरून धरायचं.