अननोन जिवाणू ओळखताय? आधी या चुका टाळा

इंडोल पॉझिटिव्ह. सायट्रेट पॉझिटिव्ह. व्हीपी (व्होगेस-प्रोस्काउअर चाचणी) पॉझिटिव्ह. मोटाइल, म्हणजे हलणारा. युरिएज उशिरा का होईना, पण गुलाबी. टीएसआयची (ट्रिपल शुगर आयर्न, म्हणजे तीन साखरांच्या माध्यमाची) नळी वरपासून खालपर्यंत पिवळी आणि वायूने तळाचं आगर फाटलेलं. नमुना विहिरीच्या पाण्याचा, मॅकॉन्की आगर या निवडक माध्यमावरची गुलाबी वसाहत.

चाचण्यांच्या निकालांचा असा तक्ता मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी कुणी ना कुणी आणतंच. मग नाव शोधण्यात दोन दिवस जातात. इंडोल, सायट्रेट, व्हीपी बघून क्लेब्सिएला ऑक्सिटोका म्हणावं, तर क्लेब्सिएला हलत नाही. मोटिलिटी बघून एन्टेरोबॅक्टर म्हणावं, तर इंडोल आडवं येतं. शेवटी 'अ‍ॅटिपिकल स्ट्रेन' असा शेरा मारून जर्नल सबमिट होतं.

त्या नळ्यांत जिवाणू दोन होते. इंडोल आणि मोटिलिटी इ. कोलायची. सायट्रेट, व्हीपी आणि ती उशिराची युरिएज क्लेब्सिएला न्यूमोनिएची. एकही चाचणी चुकली नव्हती. दोघांची उत्तरं एकाच रकान्यात लिहिली गेली, एवढंच.

कल्चर शुद्ध आहे असं गृहीत धरणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. मॅकॉन्कीवर एक सुटी, गोल, सुबक वसाहत दिसली की ती शुद्ध, असं समजून थेट तिच्यावरून दहा नळ्या लावल्या जातात. मॅकॉन्कीतले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंची वाढ रोखतात, त्यांना मारतातच असं नाही. ते वसाहतीखाली न दिसता जिवंत राहतात आणि साध्या माध्यमात गेले की डोकं वर काढतात. क्लेब्सिएलासारख्या चिकट, श्लेष्मल वसाहतीत तर शेजारचा ग्रॅम निगेटिव्हही सहज अडकून येतो. प्रोटिअसची गोष्ट आणखी वाईट. तो न्यूट्रिएंट आगरवर पातळ थर पसरत जातो, आणि सुटी दिसणारी वसाहत खरं तर त्या थरात बुडालेली असते. प्लेट उजेडासमोर तिरकी धरल्याशिवाय हे कळत नाही.

निवडक माध्यमावरची वसाहत आधी न्यूट्रिएंट आगर या साध्या माध्यमावर स्ट्रीक करा, म्हणजे लूपने (तारेच्या कड्याने) रेघा ओढून पसरवा. तिथली सुटी वसाहत पुन्हा, आणि तिच्यातली पुन्हा. तीन वेळा. तीन दिवस जातात म्हणून लोक कुरकुरतात, पण मिश्र कल्चरवर आठवडाभर बायोकेमिकल करण्यापेक्षा हे तीन दिवस स्वस्त पडतात. स्ट्रीक करताना प्रत्येक भागानंतर लूप लाल होईपर्यंत तापवा आणि प्लेटच्या कडेला, मोकळ्या आगरवर टेकवून निववा. चारही भाग एकाच लूपने न तापवता ओढले, तर चौथ्या भागातही गर्दीच दिसणार. प्लेट ओली असेल तर झाकणावरचं पाणी ओघळून वसाहती एकमेकींत मिसळतात. वापरण्याआधी ती पालथी, झाकण किंचित उघडं ठेवून, ३७ अंशांवर वीसेक मिनिटं वाळवा.

विहिरीच्या पाण्यातली ती जोडी ईएमबी (इओसिन मिथिलीन ब्लू) आगरवर लगेच ओळखू आली असती. इ. कोलायवर हिरवट धातूसारखी चकाकी येते, क्लेब्सिएला गुलाबी आणि चिकट राहते, तिला ती चकाकी नसते.

आणखी एक सवय लावून घ्या. ज्या सस्पेन्शनमधून (वसाहत कालवलेल्या द्रवातून) नळ्या लावता, त्याच सस्पेन्शनचा एक लूप न्यूट्रिएंट आगरवर स्ट्रीक करून सोबत ठेवा. दुसऱ्या दिवशी नळ्यांकडे बघण्याआधी ती प्लेट बघा. दोन प्रकारच्या वसाहती दिसल्या तर नळ्या वाचायच्याच नाहीत, सगळ्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकायच्या. वाचल्या की मन त्या निकालात अडकतं आणि मग ते खरे ठरवण्याची धडपड सुरू होते.

शुक्रवारची प्लेट, सोमवारचं ग्रॅम स्टेनिंग

हान्स क्रिश्चियन ग्रॅम यांची ही पद्धत १८८४ सालची. चार बाटल्यांचं काम, म्हणून कुणी ती गांभीर्याने घेत नाही. पुढच्या सगळ्या चाचण्या कुठल्या लावायच्या हे मात्र इथेच ठरतं.

नेहमीचा घोटाळा मातीतल्या बॅसिलसचा. शुक्रवारी लावलेली प्लेट सोमवारी बाहेर येते, म्हणजे कल्चर बहात्तर तासांचं झालं. तोवर बऱ्याच पेशींची भिंत कमकुवत झालेली असते. अल्कोहोल लागताच क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीनचं संयुग बाहेर पडतं, आणि सॅफ्रानिनने गुलाबी रॉड, म्हणजे दांड्याच्या आकाराच्या पेशी, दिसतात. जर्नलमध्ये 'ग्रॅम निगेटिव्ह रॉड' लिहिलं जातं. मॅकॉन्कीवर काहीच वाढत नाही, तेव्हा दोष माध्यमाला दिला जातो. मग आयएमव्हीआयसी (इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी, सायट्रेट या चार चाचण्या) लागते, टीएसआय लागते, आणि जे निकाल येतात ते आतड्यातल्या जिवाणूंच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत.

स्लाइडवर खुणा असतात, पण त्या बघायला थांबावं लागतं. रॉडच्या मध्ये किंवा टोकाला न रंगलेली लंबगोल पोकळी दिसली, तर तो बीजाणू आहे. काही रॉड जांभळे, काही गुलाबी, काही एकाच अंगात दोन्ही रंगांचे, तर कल्चर जुनं आहे. स्टेन करायचं ते अठरा ते चोवीस तासांच्या कल्चरचंच. प्लेट जुनी असेल तर ताज्या स्लँटवर (नळीत तिरक्या गोठवलेल्या आगरवर) उचला आणि दुसऱ्या दिवशी या.

स्मिअर (स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा थर) इतका पातळ हवा की वाळल्यावर स्लाइडखालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. एक छोटा थेंब पाणी, त्यात वसाहतीचा टाचणीच्या टोकाएवढा अंश. हवेत वाळवा, ज्योतीतून दोन-तीनदा फिरवा, स्लाइड हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम झाली पाहिजे. ओल्या स्लाइडला आच दिली तर पेशी शिजतात आणि त्यांचे आकार बिघडतात. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी, ग्रॅम आयोडीन एक मिनिट, पाणी. मग ९५ टक्के अल्कोहोल तिरक्या स्लाइडवरून थेंबाथेंबाने, ओघळ रंगहीन होईपर्यंत. पातळ स्मिअरला साधारण दहा ते वीस सेकंद पुरतात. लगेच पाणी. सॅफ्रानिन अर्धं ते एक मिनिट. अ‍ॅसिटोन-अल्कोहोल वापरत असाल तर दोन-तीन सेकंदच. घड्याळ न बघता अल्कोहोल ओतणाऱ्याच्या स्लाइडवर विश्वास ठेवू नये.

त्याच स्लाइडवर डावीकडे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, उजवीकडे इ. कोलाय आणि मध्ये अननोन, असे तीन स्मिअर करा. डावा जांभळा आणि उजवा गुलाबी आला, तरच मधल्याकडे बघायचं. तरीही शंका उरली तर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब स्लाइडवर घ्या आणि त्यात वसाहत लूपने मिनिटभर ढवळा. ग्रॅम निगेटिव्हची पेशी फुटून डीएनए बाहेर येतो आणि लूप उचलला की पाकाची तार यावी तशी तार येते. ग्रॅम पॉझिटिव्हला सहसा येत नाही. बीजाणूंची खात्री हवी असेल तर सस्पेन्शन ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवून नव्या प्लेटवर लावा. त्यानंतरही वाढ आली, तर ती बीजाणूंचीच.

नळी कधी वाचायची

टीएसआयमध्ये ग्लुकोज फक्त ०.१ टक्का असतं, लॅक्टोज आणि सुक्रोज एकेक टक्का. फक्त ग्लुकोज आंबवणारा जिवाणूही पहिल्या काही तासांत अख्खी नळी पिवळी करतो. ग्लुकोज संपल्यावर स्लँटवर, हवेच्या संपर्कात, तो पेप्टोनकडे वळतो, अमोनिया सुटतो आणि स्लँट पुन्हा लाल होतो. दहा तासांनी डोकावणारा साल्मोनेलालाही लॅक्टोज आंबवणारा ठरवतो. उलट दोन-तीन दिवस विसरलेल्या नळीत लॅक्टोज-सुक्रोजही संपून खरा पिवळा स्लँट लाल होऊ शकतो. अठरा ते चोवीस तास, हीच वेळ. रात्री सहा तास वीज गेली असेल तर इनक्युबेटरमधले तास मोजताना ते धरू नका. झाकण घट्ट पिळलं तर हवा आत जात नाही आणि स्लँट लाल होतच नाही. हायड्रोजन सल्फाइडने तळ काळा झाला आणि पिवळा रंग झाकला गेला, तरी तळ आम्लधर्मी समजा, कारण या माध्यमात तो काळा रंग आम्ल झाल्यावरच येतो. टोचायचं ते सरळ तारेने, एकदा, तळापासून तीन-चार मिलिमीटर वर थांबून. लूपने टोचलं की आगर फाटतं आणि ती चीर वायूची म्हणून नोंदवली जाते.

मिथाइल रेड चोवीस तासांनी करणारे सगळ्यात अधीर. त्या वेळी एन्टेरोबॅक्टरच्या नळीतही आम्ल पुरेसं असतं आणि ती लाल दिसू शकते. किमान अठ्ठेचाळीस तास थांबा. व्हीपीसाठी एक मिलिलिटर कल्चर वेगळं काढा, आधी पाच टक्के अल्फा-नॅफ्थॉल ०.६ मिलिलिटर, मग ४० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.२ मिलिलिटर. हाच क्रम. नळी चांगली हलवा, कारण रंगाला हवेतला ऑक्सिजन लागतो. पंधरा मिनिटांनी बघा आणि जास्तीत जास्त तासाभरात निकाल लिहा. त्यानंतर येणारा तांबूस रंग रसायनांचाच असतो.

ट्यूब कोअ‍ॅग्युलेज (प्लाझ्माची गुठळी होते का, ही चाचणी) चार तासांनी बघितलीच पाहिजे. काही स्टॅफिलोकॉकस ऑरियस स्टॅफिलोकायनेज सोडून स्वतःचीच गुठळी विरघळवतात, आणि सकाळी येऊन बघणाऱ्याला निगेटिव्ह दिसते. चार तासांना निगेटिव्ह असेल तरच रात्रभर ठेवा.

थोडक्यात आवरता येण्याजोग्या चुका

ऑक्सिडेजला निक्रोमचा लूप नको. तारेतल्या लोहाने खोटा जांभळा रंग येतो. लाकडी काडी किंवा प्लॅटिनम वापरा. रंग दहा सेकंदांत यायला हवा, मिनिटानंतरचा धरू नका. मॅकॉन्कीवरची वसाहत या चाचणीला घेऊ नका. अभिकर्मक आधीच निळसर झाला असेल तर फेकून द्या.

कॅटालेजला ब्लड आगरवरची वसाहत घेताना खालचं आगर खरवडू नका, तांबड्या पेशींतही कॅटालेज असतं. आधी वसाहत, मग तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड.

सिमन्स सायट्रेटला सरळ तारेच्या टोकावर मावेल एवढंच कल्चर. ब्रॉथमधून लावलं तर त्यातली पोषकद्रव्यंही सोबत जातात आणि त्यांच्यावरच वाढ होते. नळ्यांच्या रांगेत सायट्रेटचा नंबर पहिला ठेवा.

युरिया ऑटोक्लेव्ह करू नका, उष्णतेने तो फुटून अमोनिया होतो. ४० टक्क्यांचं द्रावण गाळून निर्जंतुक करा आणि पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत निवलेल्या बेसमध्ये ९५ मिलिलिटरला ५ मिलिलिटर या प्रमाणात मिसळा.

नायट्रेटला रंग आला नाही म्हणून लगेच निगेटिव्ह लिहू नका. चिमूटभर जस्ताची भुकटी टाका. आता लाल झालं तर नायट्रेट शिल्लक होतं, म्हणजे निगेटिव्ह. रंगहीनच राहिलं तर जिवाणूने ते नायट्राइटच्याही पुढे नेलं, म्हणजे पॉझिटिव्ह.

'रूम टेम्परेचर' म्हणजे २२ ते २५ अंश. मे महिन्यातल्या नागपूरच्या किंवा जळगावच्या प्रयोगशाळेत टेबलावर ते मिळत नाही. लिस्टेरिया आणि यर्सिनिया एन्टेरोकोलिटिकाची हालचाल त्या थंडाव्यातच दिसते, तेव्हा बीओडी इनक्युबेटर (थंडही राखता येणारा) वापरा.

लोणार सरोवराचा नमुना असेल तर नेहमीच्या नळ्या बाजूलाच ठेवा. दहाच्या आसपास पीएच लागणारे अल्कलीप्रेमी जिवाणू पीएच ७ च्या माध्यमात वाढतच नाहीत. माध्यमाचा पीएच १० केला, तर फिनॉल रेड आणि ब्रोमोथायमॉल ब्लू सुरुवातीपासूनच अल्कलीचा रंग दाखवतात, आणि थोडं आम्ल झालं तरी तो हलत नाही. तिथे सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा, नाहीतर साखर तपकिरी पडते.

किट आणि सिक्वेन्सिंगची घाई

एपीआय २०ई या तयार चाचण्यांच्या पट्टीत वीस कप्पे असतात आणि शेवटी सात अंकी क्रमांक मिळतो. मिश्र कल्चर घातलं तरी क्रमांक मिळतोच. मातीतल्या बॅसिलसला ही पट्टी लावण्यात अर्थच नाही, ती एन्टेरोबॅक्टेरिएसी आणि काही मोजक्या ग्रॅम निगेटिव्ह रॉडसाठी आहे. वापरायच्या आधी ग्रॅम आणि ऑक्सिडेज झालेलं हवं.

१६एस आरआरएनए सिक्वेन्सिंगलाही (या जनुकातल्या अक्षरांचा क्रम वाचण्यालाही) शुद्ध कल्चर लागतं. क्रोमॅटोग्रामवर (त्या वाचनाच्या आलेखावर) एकावर एक शिखरं चढलेली दिसली तर पुन्हा स्ट्रीक करायला बसा. क्रोमॅटोग्राम न उघडता फक्त अक्षरांची फाइल ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या साधनात टाकणं आणि पहिल्या ओळीतलं नाव उचलणं, ही नव्या मुलांची सर्रास सवय झाली आहे. तुलना टाइप स्ट्रेनशी (प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी) करा, जमेल तितक्या पूर्ण, साधारण १५०० बेसच्या जनुकाची. ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर प्रजातीचं नाव लिहू नका. वर असलं तरी इ. कोलाय आणि शिगेला, किंवा बॅसिलस सेरियस आणि थुरिंजिएन्सिस, या जनुकावरून वेगळे होत नाहीत. तिथे परत नळ्यांकडे आणि सूक्ष्मदर्शकाकडेच यावं लागतं. थुरिंजिएन्सिसचे प्रथिनस्फटिक शेवटी भिंगाखालीच दिसतात.

आणि पहिल्या दिवशीच, एकही चाचणी लावण्याआधी, शुद्ध वसाहतीचे दोन स्लँट करून ठेवा. एक कामाचा, एक ४ अंशांवर, हात न लावण्याचा. लेबलवर आयसोलेटचा क्रमांक आणि तारीख लिहा, अंदाजाचं नाव नको. प्लेटवर लिहायचं ते तळाला, कारण झाकणं अदलाबदल होतात.