सातबारा, कोतवाल बुक आणि तीर्थोपाध्यायांची वही: घराण्याची वंशावळ कशी काढावी

वंशावळ शोधायला निघालेले बरेच जण शेवटाकडून सुरुवात करतात. आडनाव एखाद्या नामवंत सरदार घराण्याशी जुळतं, म्हणून तिथून खाली आपल्यापर्यंत रेघ ओढायचा प्रयत्न होतो. असं काम हमखास फसतं. एकाच आडनावाची, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली घराणी एकाच तालुक्यातही असतात. शिवाय पाटील, कुलकर्णी, देशमुख, जोशी ही आडनावं हुद्द्यावरून आलेली, तेव्हा त्यांच्यावरून नातं ठरत नाही. स्वतःपासून सुरुवात करा, एकेक पिढी मागे जा, आणि बाप-लेकाच्या प्रत्येक दुव्याला किमान एक लेखी कागद लावा. ज्या दुव्याला कागद नाही तो पेन्सिलने लिहा.

आधी घरातलं

पहिले काही दिवस कुठल्याही कचेरीत जाऊ नका. घरातल्या आणि भावकीतल्या वयस्कर माणसांना गाठा. प्रत्येकाशी वेगवेगळं बसा, कारण चारचौघांत बोलणं झालं की मोठ्या आवाजाच्या काकांचीच आठवण सगळ्यांची होऊन बसते. फोनवर ध्वनिमुद्रण करा. बायकांना आधी विचारा. सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही घरांची नाती त्यांच्या तोंडी असतात, आणि लग्नात नाव बदललेल्या सासूचं, आजेसासूचं माहेरचं नाव बहुतेक वेळा त्याच सांगू शकतात.

‘आपले पूर्वज कोण?’ असा प्रश्न विचारून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा हे विचारा: कोणाच्या घरी कोणी गेलं तर आपल्याला दहा दिवसांचं सुतक येतं? लग्नात देवक कोणतं बसवतात? कुलदैवत कोणतं, आणि तिथे कोणकोणती घरं जातात? पत्रिकेवर ‘मूळ गाव’ म्हणून काय छापतात? सुतकाच्या उत्तरातून भावकीची यादी जवळजवळ तयार मिळते. कुलदैवत लांबच्या जिल्ह्यात असेल तर घराणं तिकडून आलं असण्याची शक्यता धरून ठेवा, पण तो पुरावा समजू नका.

ज्या घरांत श्राद्ध होतं तिथे बाप, आजोबा, पणजोबा, तसंच आई, आजी, पणजी आणि आईकडच्या तीन पिढ्या नावानिशी उच्चारल्या जातात. ही नावं घरातल्या जुन्या वहीत किंवा गुरुजींच्या टिपणात सापडतात. जुन्या पत्रिका, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका, भांड्यांवर घातलेली नावं, पोथ्यांची शेवटची पानं हेही सगळं पाहून घ्या.

जमिनीचे कागद: कामाचा कणा

घराण्याकडे एकेकाळी गुंठाभर जरी जमीन असली तरी बाप-मुलगा नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा महसुली कागदांत मिळतो. तो असा मागे न्यायचा:

१. आजचा सातबारा काढा. नावांजवळ आणि खालच्या बाजूला फेरफार (म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलाच्या नोंदी) क्रमांक असतात, ते सगळे उतरवून घ्या. हस्तलिखित जुन्या सातबारावर कमी झालेल्या नावांना कंस केलेला असतो. ती कंसातली नावंच तुम्हाला हवी आहेत.

२. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, मिळवा. वारसाच्या फेरफारात खातेदार कधी मयत झाला आणि मागे कोण वारस आहेत, ते लिहिलेलं असतं. तिथे सापडलेल्या मयताच्या नावावर जमीन कोणत्या फेरफाराने आली ते बघा, आणि पुन्हा एक पायरी मागे जा.

३. अनेक गावांत १९४७ च्या कायद्यानंतर एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. माग इथेच तुटतो. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरीत गटवारीचा ९(३), ९(४) उतारा मागा. कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरातून तुमचा गट झाला ते त्यात कळतं.

४. त्या सर्व्हे नंबरचा जुना सातबारा आणि त्याही आधीचं हक्कनोंदणी पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. तुमच्या गावात पहिली नोंद प्रत्यक्षात कधी झाली ते गावागणिक बदलतं.

बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन केलेले कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. तिथे नसेल तर तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसीलमध्ये नकलेचा अर्ज करा. अर्जात गाव, सर्व्हे किंवा गट नंबर, फेरफार क्रमांक स्पष्ट लिहा. ‘आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद मिळावेत’ असा अर्ज परत येतो, आणि तो परत करणाऱ्याला दोष देता येत नाही.

कागद हातात आला की त्यातली आखूड रूपं ओळखता आली पाहिजेत. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ असेल तर खातेदार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे आणि पुढचं नाव पालनकर्त्याचं, बहुधा आईचं, म्हणजे बाप लवकर गेला हेही कळलं. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. सगळ्यांत जास्त गोंधळ याच शब्दाने होतो. चार भावांची जमीन असली तरी नाव थोरल्याचं एकट्याचं लागतं. धाकट्याचे नातू मग ‘आमच्या आजोबांचं नाव कागदात नाहीच’ म्हणून शोध सोडतात, किंवा थोरल्या चुलत आजोबांनाच आपला पूर्वज धरून बसतात.

दुवा तुटलाच तर पोटहिस्से बघा. २३/१, २३/२, २३/३ असे हिस्से असतील तर ते बहुतेक वेळा भावांच्या वाटपातून पडलेले असतात. शेजारच्या हिश्श्याच्या खातेदाराची साखळी वर न्या. वाटपाच्या फेरफारात सगळे भाऊ आणि त्यांचा बाप एकदम सापडण्याची शक्यता असते. गंमत म्हणजे वंशावळीच्या दृष्टीने भांडखोर भावकी फार उपयोगी. जितके तंटे, तितके कागद.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे वारस-फेरफार विशेष नीट वाचा. त्यात मुलींची नावं येऊ लागली, अनेकदा नवऱ्याच्या नावासह. त्याआधीच्या कागदांत बाई दिसते ती बहुतेक विधवा म्हणून.

मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा मोठा आधार. त्यामागचे निजामाच्या काळातले बरेच कागद उर्दूत आहेत. विदर्भ १९५६ पर्यंत दुसऱ्या प्रांतात होता, म्हणून तिथे अधिकार अभिलेख (तिकडचं हक्कनोंदीचं पत्रक) मागावा लागतो. कागदाचं त्या भागातलं नाव माहीत नसेल तर अभिलेख कक्षात अर्ज करण्याआधी गावातल्या जुन्या जाणत्या माणसाला विचारून घ्या.

खासगी जमीन नव्हती म्हणजे कागद नाही, असं समजू नका. महार वतन, रामोशी, कोळी आणि इतर कनिष्ठ गावकामगारांच्या वतनांच्या नोंदी होत्या, आणि १९५८ च्या कायद्याने ही वतनं खालसा करताना वतनदारांची नावं पुन्हा कागदावर आली. देवस्थान इनाम आणि बलुतेदारांच्या इनाम जमिनींचंही तसंच.

कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर

गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, यात गावातले जन्म-मृत्यू नोंदवलेले असतात. जुनी पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि बरीच मोडी लिपीत आहेत. आडनाव बहुधा नसतं. बापाचं नाव आणि जात असते. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसण्याचीही तयारी ठेवा, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असे. त्यामुळे एकटी जन्मनोंद काही सिद्ध करत नाही. ती जमिनीच्या किंवा शाळेच्या कागदाशी जुळवावी लागते. मृत्यूच्या नोंदीतलं वय साठ, सत्तर असं गोल आकड्यात असेल तर दहा वर्षं इकडेतिकडे धरा.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध झाला तेव्हा असे हजारो कागद तपासले गेले, आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदींच्या प्रती आपापल्या संकेतस्थळांवर गावनिहाय ठेवल्या. तुमचा कुणबी जातीच्या दाखल्याशी संबंध नसला तरी गावाचं नाव टाकून एकदा बघाच.

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत प्रवेश-निर्गम रजिस्टर जपून ठेवलेलं असतं. त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख असते. तारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली समजा. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या कागदोपत्री १ जूनला जन्मल्या आहेत.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथले तीर्थपुरोहित यजमानांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले आहेत. महाराष्ट्रातल्या घरांनी सुरुवात नाशिकपासून करावी. रामकुंडावर जाऊन आपलं मूळ गाव, तालुका, आडनाव आणि जात सांगा, आणि त्या भागाची वही कोणाकडे आहे ते विचारा. उपाध्यायांमध्ये यजमानांची वाटणी ठरलेली असते, त्यामुळे योग्य घर गाठणं हेच अर्धं काम.

तिथे सध्याचं राहतं शहर सांगून उपयोग नाही. पुण्या-मुंबईत तिसरी पिढी असली तरी वही उघडते ती मूळ गावाच्या नावावर. पणजोबांच्या वेळचं गाव आणि त्यांच्या भावांची नावं बरोबर लिहून न्या. नोंदीत आलेल्या माणसाचा बाप, भाऊ, चुलते, मुलं अशी आडवी नाती भरपूर असतात, आणि जमिनीच्या कागदांत नेमकी तीच कमी पडतात. दोन्ही जोडून पाहा. वहीतले तीन भाऊ आणि फेरफारातले तीन भाऊ नावं आणि क्रमासकट जुळले, तर दुवा पक्का धरायला हरकत नाही. फोटो परवानगीने काढा, दक्षिणा द्या, आणि उठण्यापूर्वी आपल्या घराची आजची नोंद करून या. मुली, सुना, नातवंडं, सगळी नावं सांगा.

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेकडे हेळवी, तर इतर काही भागांत भाट घरोघर येऊन वंशावळ वाचतात. त्यांच्याकडच्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या सहसा कामाच्या असतात. त्यावर एखाद्या पौराणिक राजापर्यंत गेलेली यादी असेल, तर ती ऐकावी आणि वेगळ्या कागदावर ठेवावी.

गोव्यातल्या घराण्यांसाठी देवस्थानांच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत सभासदांच्या) याद्या, कोमुनिदादीच्या (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) गांवकारांच्या नोंदी आणि पणजीचं पुराभिलेखागार या वाटा आहेत. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची बाप्तिस्मा आणि विवाह रजिस्टरं पाहावीत. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे कागद तिथल्या मोका गावी, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

मोडी आणि सनावळी

१९व्या शतकात शिरल्यावर मोडीला पर्याय नाही. नावं ओळखण्यापुरती मोडी थोड्या आठवड्यांच्या सरावाने येते. आकडे देवनागरीसारखेच असतात. अडचण असते ती सलग लिहिण्याची, कारण आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढून मग अक्षरं लिहीत, शब्द तोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करत नसत. मोडी वाचकाकडून काम करून घेत असाल तर कोणतं नाव अपेक्षित आहे ते आधी सांगू नका. सांगितलं की तेच वाचलं जातं. दोन वाचकांनी वेगवेगळं वाचून एकच नाव सांगितलं तर ते घ्या.

साल इसवीत आणताना: शकात ७८ किंवा ७९ मिळवा. फसलीत (महसुली सालात) ५९० किंवा ५९१. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे ३, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६३, म्हणजेच इ.स. १७६२-६३. घराण्याला वतन, इनाम किंवा चाकरी असेल तरच पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा कोल्हापूर, नागपूरच्या पुराभिलेखागारांत जा, तेही गाव आणि काळ ठरवून. तिथे कागद रुमालांत बांधलेले असतात आणि नुसत्या आडनावावर काही हाती लागत नाही.

मांडणी, आणि जिथे हमखास चुकतं

मूळ पुरुषाला १, त्याच्या मुलामुलींना १.१, १.२, त्यांच्या अपत्यांना १.१.१ असे क्रमांक द्या. क्रमांक हवेतच, कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या रीतीने एकाच घरात ‘राणू बिन तुकाराम’ आणि ‘तुकाराम बिन राणू’ आळीपाळीने चार पिढ्या येतात. नुसत्या नावावर गेलं की मधल्या दोन पिढ्या गळतात. म्हणून प्रत्येक नावापुढे निदान अंदाजे काळ लिहा आणि दोन पिढ्यांत साधारण २५ ते ३० वर्षं पडतात का ते बघा. ६० वर्षांचं अंतर दिसलं तर बहुतेक एक माणूस हरवलाय.

वारसनोंदीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. नोंद वर्षानुवर्षं रखडलेली असू शकते. दत्तकाला जन्मदाता आणि दत्तक पिता दोन्ही दाखवा, नाहीतर पुढचा शोध दोन घरांत भरकटतो. मामे-आते भावंडांची लग्नं झालेल्या घरात एकच व्यक्ती दोन बाजूंनी येते, तिला क्रमांक एकच ठेवा आणि दुसरीकडे नुसता उल्लेख करा.

संगणकावर ठेवायचं असेल तर ‘ग्रॅम्प्स’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, त्यात देवनागरी चालते. प्रत्येक नोंदीत कागदाचं नाव, क्रमांक, कचेरी आणि नक्कल घेतल्याची तारीख लिहा. भावकीत वाटायची प्रत आणि इंटरनेटवर टाकायची प्रत वेगळी करा. दुसऱ्या प्रतीतून हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं नाव काढून टाका, कारण ओळख पटवायला बँका हेच विचारतात.