जपून ठेवलेलं आधी मोडतं: कोकणात चपला-बूट आणि घरातली यंत्रं घेताना, वापरताना या चुका टाळा

गणपतीला गावी पोहोचल्यावर कपाटातून बुटांचा खोका काढतात. आत चार वर्षांपूर्वी घेतलेले, लग्नकार्यात जेमतेम सहा वेळा घातलेले बूट. घालून खळ्यात उतरलं की दहा पावलांत सोलचे काळे तुकडे मागे पडलेले दिसतात. वरचं चामडं अजून नव्यासारखं, आणि खाली नुसता भुगा. दुकानदारावर चरफडून उपयोग नाही, कारण हे बूट ठेवून ठेवून खराब झालेले असतात.

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि किनाऱ्यालगतच्या घरांत खारा वारा बारा महिने शिरतो. त्यामुळे घाटावर दहा वर्षं चाललेली वस्तू इथे तेवढी चालेलच असं नाही. खरेदी करताना आणि ठेवताना हा हिशोब धरावाच लागतो.

पीयू सोलचे बूट ‘ठेवणीतले’ म्हणून घेणं

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हलका आणि मऊ असल्यामुळे ऑफिसच्या आणि चालायच्या बुटांत तो सर्रास असतो. त्याच्या बऱ्याच प्रकारांत रेणूंच्या साखळीत एस्टर बंध असतात आणि हवेतली वाफ ते एकेक करून तोडत जाते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि ओल एकत्र आली की ही क्रिया वेगाने होते, म्हणजे नेमकी आपल्याकडची हवा. तीन ते पाच वर्षांत सोल आतून ठिसूळ होतो. रोजच्या वापरातला बूट त्याआधीच झिजून जातो, म्हणून तिथे हे कळत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या बुटात ओल आतच कोंडते.

ओळखायचं कसं? खोक्यावर किंवा सोलखाली ‘पीयू’ छापलेलं असतं. नसेल तर सोलच्या कडेला बारीक बुडबुड्यांचा फेस दिसतो. जुन्या बुटाच्या सोलवर अंगठ्याचं नख दाबून पाहा. खूण तशीच राहिली, चिकट लागलं किंवा पूड पडली, तर तो बूट प्रवासाला नेऊ नका. असा सोल चिकटवण्यात पैसे घालवू नयेत. सोल्युशन धरतं, पण ज्याला ते धरतं तो सोलच सुटून येतो. वरचा भाग चांगला असेल तर चांभाराकडून जुना सोल पूर्ण खरवडून काढून घ्या, रबराचा नवा सोल बसवा आणि कडेने नायलॉन दोऱ्याची शिलाई मारून घ्या. क्वचित घालायचे बूट नवे घेताना थेट रबर सोलचेच घ्यावेत. वजनाला जड पडतात, पण शिमग्यालाही घालता येतात आणि पुढच्या गणपतीलाही.

‘पीयू लेदर’ ही वेगळी गोष्ट. ते कापडावर दिलेलं पातळ लेपन असतं. दमट हवेत त्याचे पापुद्रे निघतात आणि त्यावर दुरुस्ती नाही.

पावसात चामडं, आणि भिजल्यावर चुलीजवळ

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. पाणी लागलं की तळ फुगतो आणि शिवण सैल होते. मिरगाच्या आधी ती कोरड्या फडक्याने पुसावी, तेलाचा हलका हात द्यावा आणि सुती पिशवीत घालून माजघरात टांगावी. प्लास्टिकमध्ये किंवा जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, भिंतीची ओल थेट चामड्यात उतरते. तरी बुरशी आलीच तर चप्पल घराबाहेर नेऊन फडक्याने पुसा आणि सावलीत वारा लागेल अशी ठेवा.

भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की चामडं आक्रसून तडकतं. आतली पट्टी काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली आडवा ठेवा. ईव्हीए नावाच्या फेसासारख्या हलक्या प्लास्टिकच्या चपलाही उन्हात टाकू नयेत. त्या आकसतात आणि मग एक नंबर लहान होतात.

पावसाळ्यात रोज घालायची चप्पल घेताना खोल खाचांचा मऊ रबर सोल बघा. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर कडक पीव्हीसी प्लास्टिक घसरतं आणि गुळगुळीत झालेलं ईव्हीएही घसरतं. खाचा दिसेनाशा झाल्या की पट्टा कितीही चांगला असो, ती चप्पल बदलाच. पट्टे वेगळे मिळतात अशा चपलांचा खर्च कमी होतो.

दुकानात जाताना खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. बकलाला लावून बघा. चिकटलं तर ते मुलामा दिलेलं लोखंड, किनाऱ्यावर एका पावसाळ्यात गंजायला लागतं.

लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील उत्तम, असं समजणं

इथे मात्र चुंबक अर्धंच खरं सांगतं. चिकटलं तर ते 430 ग्रेडचं स्टील किंवा साधं लोखंड. चिकटलं नाही तर ते 304 ग्रेडचं असेल किंवा 202 ग्रेडचं, दोन्हींना चुंबक धरत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, 202 मध्ये निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं आणि ते लवकर डागाळतं. म्हणून शेगडी, सिंक किंवा पाण्याची टाकी घेताना बिलावर ग्रेड लिहून घ्या. समुद्रालगत 304 वरही तपकिरी डाग येतात. गोड्या पाण्याने पुसत राहिलं तर ते वाढत नाहीत. लोखंडी तारेची घासणी वापरू नका, तिचे कण पृष्ठभागावर राहून गंजतात. संडास साफ करायचं ॲसिड सिंकला कधीच नको.

घर उघडल्या उघडल्या सगळे स्विच चालू करणं

चाकरमान्यांच्या बंद घरांत सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. तीन महिने बंद राहिलेल्या वॉशिंग मशीनच्या, मायक्रोवेव्हच्या बोर्डवर ओल बसलेली असते. वीज दिली की तिथेच शॉर्ट होऊ शकतो. आधी दारं-खिडक्या उघडा, पंखा लावा, पूर्ण एक दिवस वारा खेळू द्या, मग एकेक यंत्र चालू करा. बोर्डात मुंग्यांनी, पालींनी किंवा उंदरांनी घर केलंय का तेही बघा. टॉप लोड मशीनला खालून उंदरांची जाळी बसवलेली नसेल तर वायरी कुरतडलेल्या सापडतात.

विहिरीच्या पंपाचं तर नेहमीचंच. बटण दाबलं की पंप गुं गुं करतो, फिरत नाही. बीडाचा इम्पेलर, म्हणजे आत फिरून पाणी ढकलणारं चक्र, गंजून केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, धरलेला असतो. ‘थोडा वेळ चालू ठेवला की सुटेल’ म्हणून तसाच ठेवला तर मोटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) दोन-चार मिनिटांत जळू शकतं. लगेच बंद करा, मेन काढा. मागचं पंख्याचं झाकण उघडा किंवा शाफ्टच्या टोकाच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून दोन्ही दिशांना हळूहळू फिरवा. मोकळा झाला की पंपात पाणी भरून मगच चालू करा, कोरडा चालवला तर सील जातं. पुढच्या वेळी पितळी इम्पेलरचा पंप घ्या. आणि शेजाऱ्यांकडून महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवून घ्या.

फ्रिज बंद करून जाताना बर्फ पूर्ण वितळवा, मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी ओता, प्लग काढा आणि दारात फडक्याची गुंडाळी अडकवून ते किंचित उघडं ठेवा. दार बंद राहिलं तर आत बुरशी, आणि गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, चिकटून फाटतं. वॉशिंग मशीनचं झाकणही उघडंच ठेवा. गावात वीज सारखी ये-जा करत असेल तर वीज परतल्यावर फ्रिजला पाच मिनिटं थांबू द्या. टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर हे काम आपोआप करतो. इन्व्हर्टर फ्रिजच्या लेबलवर चालण्याचा व्होल्टेज पल्ला दिलेला असतो. घरचा व्होल्टेज त्याच्या बाहेर जात नसेल तर स्टॅबिलायझरचा खर्च वाचतो.

मिक्सरला ओल्या नारळाचं वाटण कोरडं घालणं

खोबऱ्याचे मोठे तुकडे, पाणी नाही आणि भांडं काठोकाठ, इथे मोटर दमते. खोबरं किसून घ्या, थोडं पाणी घाला, भांडं अर्ध्याच्या थोडं वरपर्यंतच भरा. मिनिटभर चालवून थांबा. मिक्सर एकदम बंद पडला तर तो जळलाच असं नाही. खालचं लाल बटण बाहेर आलेलं असतं. पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग ते दाबा. भांड्याखाली काळसर ओघळ दिसला तर बुश आणि वॉशर गेलेत. ते लगेच बदला, नाहीतर पाणी मोटरमध्ये उतरतं. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा तुकडा, तुटलाय. आतून मोठ्या ठिणग्या आणि वास येत असेल तर कार्बन ब्रश जोडीनेच बदला, एकच नवा घातला तर तो लवकर झिजतो.

पंखा हळू फिरतो म्हणून नवा आणण्याआधी कपॅसिटर बदलून बघा. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत, बहुतेक वेळा 2.5, तेवढाच घ्या, आणि मेन बंद करूनच हात घाला.

दहा वर्षांची वॉरंटी वाचून निर्धास्त राहणं

ती सहसा फक्त कॉम्प्रेसरची किंवा मोटरची असते. गॅस, बोर्ड, मजुरी आणि गंज त्यात बहुधा नसतो. घेण्याआधी दुकानदाराला विचारा: मेकॅनिक चिपळूणहून येणार, कुडाळहून, की थेट मुंबईहून? गॅस्केट आणि बोर्ड तालुक्याला मिळतो का? याची उत्तरं गोलमोल आली तर दुसरं मॉडेल बघा. आयएसआय खुणेखालचा सीएम/एल क्रमांक (परवान्याचा नंबर) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो, दुकानातच तपासा.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, टीव्ही, फ्रिज, वायफायचे प्लग काढा, डिशची केबलही काढा. एप्रिल-मे मध्ये जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नीट धरत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी घाला.