थंडीत पिकअप सुरू होत नाही? ब्लॉक हीटर नको, हीटर प्लग बघा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डाला निघायचं आणि नेमका तेव्हाच डिझेल पिकअप नुसता सेल्फ खातो. व्हिडिओ बघून काहीजण इंजिनाला ब्लॉक हीटर बसवायला निघतात. तो कॅनडासारख्या बर्फाच्या मुलखासाठी: इंजिनाच्या ब्लॉकमधला फ्रीझ प्लग (भोक बंद करणारं पत्र्याचं झाकण) काढून तिथे बसवतात आणि घरच्या विजेवर कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, गरम करतात. आपल्याकडे त्याचं काय काम? आपण बघायचा तो हीटर प्लग, म्हणजे डिझेल इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडर आतून तापवणारा विजेचा प्लग.

आधी सवय बघा. चावी फिरवल्यावर डॅशवरचं कॉइलचं (वेटोळ्यासारखं) चिन्ह विझेपर्यंत थांबा, तोवर हीटर प्लग तापतात, मग सेल्फ मारा. माल भरायच्या घाईत हे कोणी करत नाही!

तरीही चालू होईना, तर इंजिन थंड असताना हीटर प्लगवरची वायर किंवा पट्टी सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या शेंड्याला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावा. चांगला प्लग बहुधा 2 ओहमच्या आत दाखवतो. काहीच रीडिंग नसेल तर तो गेला. जुना प्लग जोर लावून काढू नका, हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. ते काम मेस्त्रीकडे द्या. आणि हो, बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर पहिला संशय तिच्यावरच घ्या.