दोन पांघरुणं घेऊनही पहाटे थंडीने जाग येते? माझा अनुभव

गोव्यात दिवाडी बेटावर मांडवी नदीच्या काठी आमचा हिवाळा एका चादरीत निघायचा. वाळपईला राहायला आलो आणि डिसेंबरपासून रोज पहाटे ४ च्या सुमारास जाग येऊ लागली. पाठ आणि कंबर गार, छाती मात्र गरम. सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठलेलं असे. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे खोली खरोखरच थंड होत होती. समुद्राजवळ पाणी रात्रीची ऊब धरून ठेवतं. इथे सह्याद्रीच्या पायथ्याशी, निरभ्र आकाशाखाली जमीन भराभर निवते.

आधी दोन पांघरुणं, मग रजई, मग स्वेटर. मध्यरात्री घाम आणि पहाटे तीच थंडी. महिनाभर झोपेचं खोबरं झालं.

छाती गरम आणि पाठ गार, यातच उत्तर होतं. थंडी खालून येत होती. पट्ट्यांची खाट, त्यावर पातळ गादी. अंगाच्या भाराने ती दबते आणि ऊब धरणारी हवा उरत नाही.

मग या क्रमाने केलं. खाट खिडकीखालून आतल्या भिंतीशी नेली. पट्ट्यांवर घोंगडी दुहेरी घडी घालून पसरली, तिच्यावर गादी, गादीवर जुन्या लुगड्यांची गोधडी, मग चादर. घोंगडी गादीखालीच हवी, वर घातली तर टोचते. अंगावर एकच ब्लँकेट, पायांत मोजे. खिडक्या दिवेलागणीआधी बंद, फक्त वरचं एक तावदान बोटभर उघडं, नाहीतर खोली कोंदते.

त्याच रात्री सकाळी ६ पर्यंत सलग झोप लागली.