स्थलांतरिताच्या हातातला कॅमेरा: या चुका टाळा

माझे आईवडील छत्तीसगडमधून बांधकामाच्या कामावर नागपुरात आले आणि मराठी मी येथील महापालिकेच्या शाळेत शिकलो. ओळख, जात, विस्थापन अशा विषयांवर छायाचित्रे काढू इच्छिणारी बाहेरगावची मुले माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची पहिली चूक मला लगेच ओळखू येते, कारण ती माझीच जुनी चूक आहे. आपण स्वतः उपरे आहोत, म्हणून दुसऱ्याचे दुःख आपल्याला न विचारताच कळते, असे त्यांना वाटते.

ज्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली, तेथे दसऱ्याच्या गर्दीत मी एका पांढऱ्या लुगड्यातील आजींचे छायाचित्र काढले. त्या सतरंजीवर बसून भाकरी आणि ठेचा खात होत्या. शेजारी एक फुगलेली कापडी थैली होती. तिच्यामुळे चौकट बिघडते, म्हणून मी ती कापून टाकली आणि खाली ‘पोटासाठी वणवण’ अशी ओळ लिहिली. ते चित्र छापूनही आले. चित्राखालचे नाव वाचून आजींच्या भाच्याने मला शोधून काढले आणि पुढच्या दसऱ्याला आजी समोर उभ्या राहिल्या. त्यांनी कात्रण माझ्यापुढे धरून एवढेच विचारले, “काऊन रे बाबू, माही थैली कुठी गेली?” त्या थैलीत शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे दोन खंड होते. दीक्षाभूमीवरून लोक दरवर्षी पुस्तके घेऊन घरी जातात, हे नागपुरात वाढलेल्या मला ठाऊक असायला हवे होते; पण मला तेव्हा भूक हवी होती.

तेव्हापासून मी खिशात दोनशे पानी वही ठेवतो. नाव, गाव, हातातल्या आणि शेजारच्या वस्तू आणि त्या माणसाने स्वतःविषयी सांगितलेले वाक्य त्याच्याच शब्दांत लिहितो, ते त्याला वाचून दाखवतो आणि ओळ त्यातूनच तयार करतो. चौकट कापायची झाल्यास कापलेल्या भागात काय होते, तेही लिहून ठेवतो. ही पद्धत कोणत्याही अभ्यासक्रमातली नाही, ती त्या थैलीने लावलेली सवय आहे.

घाईचे समर्थन करताना नवशिके जेकब रीसचे नाव घेतात. १८७० साली डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला हा स्थलांतरित न्यूयॉर्कच्या चाळींमधल्या अंधाऱ्या खोल्यांत शिरून झगझगीत पेटणाऱ्या फ्लॅश पावडरच्या उजेडात झोपलेल्या माणसांची चित्रे काढत असे. त्या चित्रांमुळे घरांच्या सुधारणेला बळ मिळाले, हे खरे. परंतु त्याच्या १८९० च्या पुस्तकात चिनी, ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांविषयी जे पूर्वग्रह आहेत, ते वाचल्यावर स्वतः स्थलांतरित असणे हा काही परवाना नव्हे, हे दिसते. एका दुपारी वस्तीत शिरून संध्याकाळी ‘मालिका’ तयार करणाऱ्यांना मी सांगतो की पहिल्या दोन भेटींत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा आणि तिसऱ्या भेटीनंतर काढलेल्या चित्राची चार बाय सहाची प्रत घरी नेऊन द्यावी. यावर ‘वेळ नाही’ असे उत्तर देणाऱ्याने लग्नाच्या ऑर्डर घ्याव्यात. त्यात पैसेही बरे मिळतात.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. वेदना गडद दिसावी म्हणून रंगीत चित्र कृष्णधवल करणे हा आळस आहे. घर पाडले जाण्याची भीती असलेल्या वस्तीची चित्रे फोनमधील ठिकाणाच्या नोंदीसह पाठवू नयेत. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलामुलींची ओळख उघड करण्यास पॉक्सो कायद्याने मनाई आहे, त्यामुळे चेहरा धूसर करून मागे शाळेची पाटी ठेवणेही चालत नाही.

संस्थांसाठी काम करणाऱ्यांची चूक मात्र महागात पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, कोणी मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो काढून घेणाराच असतो. एका संस्थेसाठी मी वीटभट्ट्यांवर दोन हंगाम काम केले आणि पुढे माझ्याच प्रदर्शनासाठी त्या चित्रांची परवानगी तिच्याकडे मागत बसलो. आता मी आगाऊ रक्कम घेण्याआधी अर्ध्या पानाचा करार करतो आणि ज्यांची चित्रे आहेत त्यांना प्रती देण्याचा हक्क माझ्याकडे राहील, हे वाक्य त्यात सर्वांत वर लिहितो.